बटण तुटलं म्हणून शर्ट टाकून द्यायचा का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी उदगीरचा, एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन बसलोय. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमच्याकडं पाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं, खड्ड्यांचं रोज येतं, ते यायलाच पाहिजे, पण माझा विषय त्यापुढं लई किरकोळ आहे, सुई-दोरा.

झालं असं की परवाच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) सगळे शेतात गेलो होतो, आंबील-भज्जी झालं, कोपीपुढं, म्हणजे रानातल्या खोपटापुढं, फोटो झाले आणि लेकरं बोरं खायला पळाली. माझा नातू लातूरला कॉलेजला आहे, तो तारेच्या कुंपणातून वाकून जायला गेला आणि मांडीवर पॅंट टर्रकन फाटली, काटकोनात, चार बोटं आडवी आणि चार बोटं उभी. पॅंट दोन महिन्यांची, १८०० रुपयांची. हा म्हणतो, आबा जाऊ द्या ना, दुसरी मागवतो, ऑफर चालू आहे. त्याची आई म्हणाली राहू दे, रानात घालायला होईल. म्हणलं रानात घालायला रानात जायलंय कोण, वर्षातून एकदा येळवशीला!

घरी आल्यावर मी श्रीखंडाचा डबा काढला (श्रीखंड संपून वर्षं झाली, आता त्यात सुया, दोरे आणि सुटी बटणं असतात) आणि बसलो चष्मा लावून. फाटलेल्या कडेचे सुटे धागे कापून टाकायचे नसतात, सुईच्या टोकानं जागच्या जागी बसवायचे असतात. मग उलट्या बाजूनं एका जुन्या पॅंटीचं कापड लावलं, मुद्दाम जुनंच, कारण नवीन कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालचं कापड ओढून घेतं, मग तिथं चुण्या पडतात. आधी कच्चा दोरा घालून ठिगळ हलणार नाही असं केलं, मग वरून पॅंटीच्या रंगाच्या दोऱ्यानं बारीक बारीक टाके, आणि कोपऱ्याला सगळ्यात दाट, कारण परत फाटायचं तर तिथूनच फाटतं. दीड तास गेला. दिसतं का? दिसतं, खोटं कशाला बोलू, पण हातभर लांबून कुणाला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल कंडक्टरला हे कुठून यायलं. तर नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षातच माझ्या पैशाच्या बॅगेच्या आतल्या कप्प्याची शिलाई उसवली होती, मला पत्ता नाही, चिल्लर तिथून गळायची आणि रात्री हिशोबाला बसलं की कमी भरायचं, आणि कमी भरलं की पदरचे घालायचे. दोन-तीन वेळा घातले. मग एकदा मुक्कामी गाडीवर असताना आमच्या ड्रायव्हर दादांनी बॅग उलटी करून बघितली आणि म्हणाले, अरे येड्या, तुझा पगार इथून चाललाय. त्यांनी दाभण आणली, मेणबत्तीवरून दोरा दोन-तीनदा ओढून घेतला, मेण लागलं की दोरा गुंतत नाही, झिजत पण नाही, आणि टॉर्चच्या उजेडात गाडीतच मला उलटी टीप शिकवली. एक टाका पुढं, अर्धा मागं. हातानं घालायच्या टाक्यात हा सगळ्यात पक्का, एक जागी दोरा तुटला तरी धावदोऱ्यासारखी सगळी शिलाई भसाभस सुटत नाही. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत माझ्या खाकीची बटणं, खिसे, पॅंटीची खालची दुमड सगळं मीच केलं आणि लोक हसायचे. बायकोला बरं नाही का म्हणायचे.

हे हसणं मला अजून समजत नाही. बाजारात टेलरच्या दुकानात मशीनवर बसलेले बहुतेक पुरुष, आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज शिंपी समाजातले, तिथं कुणाला काही वाटत नाही, पण घरात बटण तुटलं की गडी ओरडणार, अगं हे लावून दे. पोरगी बघायला गेल्यावर शिवणटिपण येतं का विचारायचे, पोराला आजपर्यंत कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि आता तर सुनांना पण येत नाही, त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही, त्या नोकरी करतात, शाळेत कुणी शिकवलं नाही, घरी आईनं अभ्यास कर म्हणून उठवलं. मग घरातल्या चार-पाच माणसांत एकालाही बटण लावता येत नाही असं झालंय.

माझी आई लुगड्याला दंड घालायची. आता हा शब्दच कुणाला माहीत नसेल. लुगडं मधोमध विरतं, बसून बसून, आणि काठाकडं चांगलं राहतं, मग विरलेला भाग कापून टाकायचा, उरलेले दोन तुकडे जोडायचे, तो जोड म्हणजे दंड, आणि नेसताना तो निऱ्यांत जाईल असं बघायचं. असं एक लुगडं दोन वर्षं जास्त चालायचं आणि मग ते वाकळीत, म्हणजे गोधडीत जायचं. वाकळ शिवताना म्हाताऱ्या कडेनं सुरू करून धावदोरा घालत घालत मधे यायच्या, थरावर थर. आताच्या साड्या सिंथेटिक, थर सरकतात, सुई पण नीट जात नाही आणि पांघरलं तर ऊब नाही, म्हणून तेही बंद पडलं. गरिबी होती म्हणून करायचे, हे मला माहीत आहे, त्या गरिबीचं कौतुक करायचं नाही मला. आई दंडाचं लुगडं नेसून लग्नाला जायची नाही, लाजायची.

टेलर लोकांकडं द्या म्हणाल तर ते पण आता किरकोळ काम घेईनात. लग्नसराईत तर दारात उभं करत नाहीत. मला आधी राग यायचा, मग एका ओळखीच्या टेलरनं समजावून सांगितलं की काका, शिवायला वेळ लागत नाही, उसवायला लागतो. पॅंटीची चेन बदलायची तर आधीची शिलाई एक एक टाका काढा, मग नवीन बसवा, आणि ८० रुपये सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं एवढे? त्याचं खरं आहे. आणि रेडिमेड कपड्यात आत मार्जिनच ठेवत नाहीत, शिलाईला लागून कापलेलं असतं, ढिलं करायला कापड आणायचं कुठून. आम्हाला लहानपणी कपडे शिवायचे ते वाढत्या अंगाचे, आत चांगली दोन बोटं दुमडलेली, दरवर्षी थोडं उसवायचं आणि पोराला सोडायचं. पोर वाढायचं, पॅंट पण वाढायची. २०२४-२५ ला राज्यभर एकसारखे शाळेचे गणवेश शिवून दिले, माप बसेना म्हणून किती ओरड झाली ते तुमच्याच पेपरात वाचलं, पुढं सरकारनं ते काम परत शाळा समित्यांकडं दिलं. ढगळ आलं असतं तरी घरी आत घेता आलं असतं की, पण घेणार कोण.

आणि हे कुठं, तर आपल्या भागात. तिरंग्याचं खादीचं कापड आपल्या उदगीरला विणतात आणि नांदेडला त्याचे झेंडे शिवतात, इथून ते देशभर जातात. कापूस आपण पिकवायचा, क्विंटलच्या भावानं रडत विकायचा, आणि त्याचाच शर्ट घेऊन आलो की एका बटणापायी तो कपाटाच्या तळाला टाकायचा. (मुंबई-पुण्याच्या लोकांनी टाकला तर मी बोलणार नाही, त्यांच्याकडं कपाटात जागा पण नसते.)

बटणाचंच सांगतो, कारण नव्वद टक्के लोक चुकीचं लावतात, हा माझा अंदाज, सरकारी आकडा नाही. बटण कापडाला एकदम चिकटवून ओढून शिवतात, मग काजात घालताना ताण बसतो आणि आठ दिवसांत परत तुटतं. तर बटणावर काडीपेटीची काडी आडवी ठेवायची आणि काडीवरून टाके घ्यायचे, चार भोकांचं असेल तर दोन-दोन भोकांतून चार-पाच वेळा. मग काडी काढून घ्यायची, बटण थोडं वर उचलायचं, सुई बटण आणि कापडाच्या मधे आणायची आणि तिथं दोऱ्याला दोराच तीन-चार वेढे घालायचे, म्हणजे बटणाला बारीकशी मान तयार होते, आणि मग खाली गाठ. दोरा हातभरच घ्यायचा, आळस करून लांब घेतला की गुंता होतो. आणि सुईचा एक घोळ लक्षात ठेवा, हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मशीनच्या सुईचं उलटं, तिथं १८ नंबर जाड, जीन्सला, आणि ११ बारीक. मी एकदा दुकानात यावरून भांडलो होतो, चूक माझी होती.

जीन्स मांडीत विरायली की भोक पडायची वाट बघू नका, आतून तुकडा लावून घ्या, भोक पडल्यावर कापडच राहत नाही टाका धरायला. शर्टाची कॉलर वरून झिजली तर ती उसवून उलटी करून परत बसवता येते, हे मात्र मशीनवालं काम आहे, मला नीट जमलेलं नाही, एकदा केली तर मान वाकडी दिसायली.

तर साहेब, माझ्या दोन मागण्या आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना १० दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडं शिकायला पाठवा असं लिहिलंय. तिथं सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी उदाहरणं दिलीत, शिंपी नाही. गुरुजींनी, बाईंनी त्या दहातला एक दिवस तरी टेलरच्या दुकानात न्यावा, आणि पोरींना नेऊन पोरांना मैदानावर सोडायचं असं करू नये. दुसरी मागणी तुमच्याकडं. रविवारच्या पुरवणीत फॅशनचं पानभर येतं, त्यात खाली एक चौकट द्या, दर आठवड्याला एक टाका, चित्र काढून. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, हुक, एवढं झालं तरी बास. चित्र काढणारा मिळाला नाही तर मला सांगा, मी शिवून नमुना पाठवतो, फोटो काढा.

पत्र लांबलंय, मला माहीत आहे. कुठं कात्री लावायची तिथं लावा, फक्त काडीपेटीच्या काडीचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, उदगीर