‘संवाद कळले नाहीत’ म्हणण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांबद्दल वाचकांनी लिहिलेली मते आपल्या पुरवणीत येतात. ती आवर्जून वाचली जातात आणि चित्रपट पाहायचा की नाही हे कित्येक जण त्यावरूनच ठरवतात. म्हणूनच त्यांत पुन्हा पुन्हा येणारी काही वाक्ये खटकतात : ‘संवाद कळतच नाहीत’, ‘सगळा अंधारच अंधार’, ‘डबिंग भिकार’, ‘चित्रपट मालिकेसारखा दिसतो’. लिहिणाऱ्याला आलेला अनुभव खोटा नसतो. पण दोष बऱ्याचदा चित्रपटाचा नसून सभागृहातल्या स्पीकरचा, प्रोजेक्टरच्या दिव्याचा किंवा घरच्या टीव्हीच्या सेटिंगचा असतो. बोल मात्र ध्वनिमिश्रण करणाऱ्याला, छायालेखकाला आणि डबिंगच्या कलाकारांना लागतो. हे थांबवता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त अन्याय संवादांच्या बाबतीत होतो, तेव्हा ते जरा सविस्तर. चित्रपटगृहातला ५.१ आवाज म्हणजे सहा वेगळे प्रवाह. पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा, प्रेक्षकांच्या बाजूंना दोन, आणि सहावा फक्त खर्जातल्या धडधडीसाठी. पात्रांचे बोलणे जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येते. पडद्याला बारीक भोके असतात ती याचसाठी, की मागून येणारा आवाज अडू नये. या मधल्या स्पीकरचा वरच्या पट्टीचा भाग, म्हणजे हॉर्न, अधू झाला तर आवाज बंद पडत नाही. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. कारण स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो आणि स, श, च, त या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत. शब्दाचा अर्थ ही व्यंजने सांभाळतात. ती बोथट झाली की ‘साप’, ‘ताप’, ‘चाप’ आणि ‘शाप’ हे चारही शब्द ‘आप’सारखे एकाच साच्यातले वाटू लागतात. प्रेक्षक कान देऊन ऐकतो, दमतो आणि घरी जाऊन लिहितो की नटाचे उच्चार गचाळ आहेत.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुख्य चित्रपटाआधी दाखवतात त्या ट्रेलर आणि जाहिरातींकडे लक्ष द्यावे. त्यांचे मिश्रण मुद्दाम चढे आणि एका पातळीत दाबलेले असते, त्यामुळे त्यांतला शब्द न शब्द कळायला हवा. तिथेही बोलणे घोंगडीतून आल्यासारखे वाटले तर दोष सभागृहाचाच. ट्रेलर स्वच्छ आणि चित्रपट अस्पष्ट असेल, तर मात्र लगेच निकाल देऊ नये. तिथे आवाजाची पातळी मध्ये येते.

मिश्रण करताना जी पातळी धरलेली असते ती चित्रपटगृहातल्या प्रोसेसरवर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणाऱ्या यंत्रावर, ७ या आकड्याला मिळते. तिथे पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर चाचणीच्या आवाजावर ८५ डेसिबल देतो, असे बसवलेले असते. मारामारीच्या प्रसंगात कान दुखल्याची तक्रार आली की प्रोजेक्टर चालवणारा चालक आकडा ५ वर आणतो, आणि पुढचे खेळ तसेच चालू राहतात. ७ वरून ५ म्हणजे साडेसहा डेसिबलहून थोडी जास्त घट. स्फोट सुसह्य होतात, पण कुजबुज वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली बुडते. ज्या चित्रपटात माणसे हळू बोलतात, त्याचे यात सर्वाधिक नुकसान होते, आणि नेमका तोच चित्रपट बारकाईने ऐकण्याच्या लायकीचा असतो.

घरी प्रकार वेगळा. टीव्हीला स्पीकर दोन, तेही बहुधा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले. सहा प्रवाह दोघांत मिसळताना मधला प्रवाह डावीउजवीकडे ३-३ डेसिबल कमी करून वाटला जातो. इथवर सगळे रीतसर आहे. गडबड होते ती सेटिंग ५.१ वर आणि जोडलेले स्पीकर दोनच, अशा वेळी. मधला प्रवाह कुठे पोचतच नाही. याची खूण पक्की आहे : पाऊस, गर्दी आणि वाद्ये स्वच्छ ऐकू येतात, माणसे मात्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी. अशा वेळी ज्या ॲपवर चित्रपट पाहतो त्यातल्या आवाजाच्या पर्यायात ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडावे, टीव्हीतला कृत्रिम सराउंड (आवाज चोहीकडून आल्याचा भास देणारा पर्याय) बंद करावा, आणि संवाद ठळक करणारा पर्याय असेल तर तो एकेक पायरीने वाढवावा. नाइट मोडमध्ये मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. रात्री ते सोयीचे आहे, पण तो चालू ठेवून ‘पार्श्वसंगीतात चढउतारच नाहीत’ असे लिहिणे बरोबर नाही.

एवढे तपासूनही बोलणे कळले नाही तर बिनदिक्कत लिहावे, फक्त नेमके लिहावे. कोणत्या प्रसंगात कळले नाही? बोलण्यावर संगीत चढले होते, की नट शब्द गिळत होता? पहिला दोष मिश्रणाचा, दुसरा अभिनयाचा किंवा दिग्दर्शनाचा. ‘साउंड खराब’ या दोन शब्दांतून यातले काहीच कळत नाही.

डबिंगबद्दलचा गैरसमजही असाच दूर करता येतो. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतात, तेव्हा एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. साउंडबार किंवा ब्लूटूथ हेडफोनमुळे आवाज काही फ्रेम मागे पडू शकतो. असे झाले की ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो, आणि ‘डबिंग जुळत नाही’ असा शेरा पडतो. तपासायला दारावरची थाप, टाळी किंवा टेबलावर आपटलेला पेला बघावा. त्यांचाही आवाज उशिरा येत असेल तर दोष यंत्रणेचा आहे, आणि ध्वनी सेटिंगमधल्या ऑडिओ डिलेच्या पर्यायातून तो बराचसा सुधारतो. थाप वेळेवर आणि ओठच तेवढे चुकत असतील तर प्रश्न डबिंगचा. (मोठ्या सभागृहात पडद्यापासून २० मीटरवर बसलेल्यालाही आवाज जवळजवळ दीड फ्रेम उशिरा पोचतो, पण तो खटकत नाही. आवाज मागाहून येण्याची कानांना सवय असते. आवाज चित्राच्या आधी आला तर मात्र तो लगेच बोचतो.)

डबिंगचा खरा कस ओष्ठ्य वर्णांवर लागतो. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर मूळ नटाचे ओठ जिथे मिटतात, तिथे यांपैकी एखादा वर्ण येईल असा शब्द चांगला भाषांतरकार शोधतो, आणि तरीही वाक्य आपल्या भाषेतले वाटेल असे राखतो. हे फार कष्टाचे काम आहे. मत देणाऱ्याने तीनचार क्लोजअपमध्ये एवढे पाहिले तरी त्याच्या कौतुकाला किंवा टीकेला वजन येते. पाठमोऱ्या किंवा लांबच्या दृश्यांवरून डबिंग जोखण्यात अर्थ नाही.

आता अंधार. डिजिटल चित्रपटगृहात कोऱ्या पांढऱ्या पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला (दोन्ही पडद्याची चमक मोजण्याची एकके), उजेड असावा असा दंडक आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा मंद होतो. थ्रीडीचा फिल्टर आणि चष्मा मिळून बराच प्रकाश खातात. तोच फिल्टर साध्या खेळाला भिंगापुढे राहून गेला, तर चांगला उजळ प्रसंगही संध्याकाळचा वाटतो. सुरुवातीच्या बोधचिन्हांतला आणि श्रेयनामावलीतला पांढरा रंग पाहावा. तो करडा किंवा पिवळट असेल, किंवा मध्य उजळ आणि कडा विझलेल्या असतील, तर छायालेखकाला दोष देऊ नये. ज्याला खरोखर काळोखात चित्रण करायचे आहे तोसुद्धा डोळ्यांत बारीक चमक, केसांवर उजेडाची कड, मागच्या भिंतीचा हलका आकार असे काहीतरी ठेवतोच. पडद्याने तेवढेही गिळले असेल, तर ते चित्रणाचे अपयश आहे की दिव्याचे, हे आधी ठरवायला हवे.

टीव्हीवर अंधार वाढवणारे गुन्हेगार म्हणजे वीज वाचवणारा मोड, खोलीतल्या उजेडानुसार टीव्हीची चमक कमीजास्त करणारा सेन्सर, आणि समोरची खिडकी. पहिले दोन बंद करावेत, तिसरीला पडदा लावावा. काळ्या भागात चौकोनी ठिपके किंवा पट्टे दिसत असतील तर इंटरनेटचा वेग पडलेला असू शकतो. वेग सावरल्यावर दहा सेकंद मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पाहावा. ठिपके गेले की शंका मिटली.

‘मालिकेसारखा दिसतो’ याला बहुतेक वेळा एकच कारण असते. २४ फ्रेमच्या मधल्या जागेत टीव्ही स्वतः बनवलेल्या फ्रेम भरतो, त्यामुळे हालचाल अनैसर्गिक गुळगुळीत होते आणि हलत्या हाताच्या कडेला चित्र पाघळते. प्रत्येक कंपनी या सोयीला वेगळे नाव देते, पण ती चित्राच्या सेटिंगमध्ये, हालचालीशी संबंधित पर्यायांतच सापडते. ती बंद करावी, किंवा फिल्ममेकर मोड लावावा. टीव्ही निर्मात्यांसह यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला हा मोड नेमकी ही लुडबूड थांबवण्यासाठीच आहे. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी झूम करणे हाही तसाच घात. रुंदी-उंचीचे प्रमाण २.३९ : १ असलेला चित्रपट १६ : ९ च्या टीव्हीवर पूर्ण भरला की रुंदीचा सुमारे चौथा हिस्सा कापला जातो. दोन टोकांना बसून बोलणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचा खांदाच उरतो. मग ‘फ्रेम कोंदट आहेत’ असे लिहिणाऱ्याला काय सांगणार?

यंत्रांपलीकडे, श्रेय आणि दोष चुकीच्या माणसाच्या पदरात टाकण्याची सवयही मतांमध्ये फार आहे. चित्रपट रेंगाळला की ‘संकलकाने कात्री चालवायला हवी होती’ हे ठरलेले वाक्य येते. एखादा प्रसंग अख्खा काढला तरी कथेला काही फरक पडत नसेल, तर तो पटकथेचा दोष आहे. प्रसंग हवा आहे, पण माणूस दार उघडतो, चालत येतो, बसतो, मग बोलायला लागतो, आणि बोलणे संपल्यावरही दृश्य घुटमळते, तर संकलनाकडे बोट दाखवणे रास्त. डोंगर, समुद्र आणि धुके पाहून छायाचित्रणाची स्तुती करणे सोपे आहे. कस पाहायचा तर एका साध्या खोलीतला चार मिनिटांचा संवाद पाहावा : उजेड कुठून येतो, कोण कधी जवळून दिसते, आणि ती जवळीक नेमकी कोणत्या वाक्याला येते.

अभिनयाचेही तसेच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. म्हणून नटाची पारख करताना न कापलेले लांब दृश्य निवडावे. तिथे त्याला संकलनाचा आधार मिळत नाही.

शेवट आवडला नाही म्हणून आधीचे दीड तासही वाईट ठरवले जातात, तेही टाळता येईल. पाहिल्या रात्री चारदोन प्रसंग टिपून ठेवावेत आणि मत दुसऱ्या दिवशी लिहावे. कथा सांगायची तर ट्रेलरमध्ये दिसते त्यापुढे जाऊ नये.

आपल्याला विनंती एवढीच, की वाचकांच्या प्रत्येक मताखाली एक ओळ सक्तीची करावी. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात : चित्रपट कशावर पाहिला, मूळ भाषेत की डब केलेला, आणि पूर्ण पाहिला की कितव्या मिनिटाला सोडला. जागा दहाबारा शब्दांची लागेल. ‘टीव्ही, दोन स्पीकर, डब केलेली आवृत्ती, पूर्ण पाहिला’ एवढे वाचले की वरच्या ‘आवाज खराब’ या शेऱ्याचे काय करायचे ते वाचक स्वतः ठरवू शकेल. आणि सभागृहातच काही बिघडलेले असेल, तर प्रेक्षकांनी पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला ‘मधल्या स्पीकरमधून बोलणे येत नाही’ किंवा ‘पडद्याची डावी कड काळी आहे’ अशा शब्दांत सांगावे. ‘काहीतरी गडबड आहे’ म्हटले तर कोणी जागचे हलत नाही. नेमका बिघाड कळला की चालकाला कुठे पाहायचे ते समजते, आणि त्या खेळाला बसलेल्या सगळ्यांनाच उरलेला चित्रपट नीट पाहता येतो.

आपला,
एक वाचक