पखवाज माळ्यावरून उतरवून ठेवा

रत्नागिरी,
रविवार

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

काल रात्री बाबांचा फोन आला तेव्हा मी मांडवीजवळच्या एका मैदानात गर्दीत उभी होते. "ह्यो कसलो आवाज गो?" असं बाबांनी दोनदा विचारलं आणि मला धड उत्तरही देता आलं नाही. फोनवर सांगून ते सगळं पोचणार नाही, म्हणून आज सुट्टीचं निवांत लिहायला बसले आहे.

कार्यक्रम रॉक संगीताचा होता. तिकीट नाही, पास नाही. एकाच स्टेजवर पाच बँड, संध्याकाळी साडेपाचपासून. आई, तुझ्या मनात काय आलं ते मला इथून कळतंय. दारूबिरू काही नव्हतं. बचत गटाच्या बायका घावणे-चटणी आणि कोकम सरबत घेऊन बसल्या होत्या. मागे खुर्च्यांवर नऊवारीतल्या दोन आज्या नातवंडांना घेऊन शेवटपर्यंत थांबल्या. ऑफिसातली मैत्रीण बरोबर होती, तिच्याच स्कूटरवरून साडेदहाला खोलीवर आले. स्पीकर जवळ होते म्हणून कानात कापूस घातला होता.

ही मुलं स्वतःला इंडी म्हणवतात. म्हणजे पाठीशी मोठी कंपनी नाही. गाणी आपली, चाली आपल्या, पदरचे पैसे घालून रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर टाकायची. एक बँड इथल्या कॉलेजच्या पोरांचा, एक कोल्हापूरचा, एक डोंबिवलीचा, दोन गोव्याचे. इथली पोरं आंब्याच्या गोदामात तालीम करतात. पेट्या यायला लागल्या की त्यांना जागा सोडावी लागते. मंडपवाल्याने स्टेज भाडं न घेता दिलं होतं. बाहेर पडायच्या वाटेवर स्टीलचा डबा ठेवलेला, ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावं. आपल्याकडे भजनाच्या बारीत, दोन बुवांच्या सामन्यात, लोक बुवांच्या पेटीवर नोट ठेवतात, तशी मी दोनशेची नोट टाकली.

मी दुपारी चारलाच जाऊन बसले होते, त्यामुळे आधीची तयारी बघायला मिळाली. गंमत म्हणजे आवाज तपासायला शेवटी वाजवणारा बँड सर्वांत आधी येतो आणि पहिला बँड सर्वांत शेवटी. म्हणजे पहिल्याची मांडामांड हलवावी लागत नाही, तो तिथूनच सुरू करतो. ड्रमचा संच सगळ्यांना मिळून एकच. प्रत्येक वादक आपला स्नेअर, म्हणजे मधला कडक आवाजाचा छोटा ड्रम, आणि झांजा तेवढ्या घेऊन येतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने गिटारीच्या तारा गंजतात, म्हणून ती मुलं हाताळून झालं की लगेच फडक्याने तार न् तार पुसत होती.

साउंडवर बसलेले काका साठीकडे झुकलेले. ते सांगत होते, मुंबईत धोबीतलावला रंगभवनात १९८६ साली इंडिपेन्डन्स रॉक नावाचा जलसा सुरू झाला, उघड्यावर, एकामागून एक बँड. काका तेव्हा कॉलेजात होते, एकही साल चुकवलं नाही म्हणाले. पुढे आजूबाजूच्या शाळा आणि इस्पितळांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथलं वाजणं थांबलं. बाबा, तुम्ही तेव्हा धोबीतलावलाच छापखान्यात होता ना? रात्रपाळीला कधी कानावर पडलं होतं का? आठवलं तर मला नक्की सांगा.

आता खरी गोष्ट. तिसरा बँड कोल्हापूरचा, आणि ड्रमवर एक मुलगी. बावीस-तेवीसची असेल. वाजवायला बसण्याआधी तिने खाली आडवा ठेवलेला मोठा ड्रम पुढून उघडला आणि आत एक घडी केलेली गोधडी कोंबली. मग स्नेअरवर काठी मारून बघितली, मान हलवली, चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडून कातड्यावर कडेला लावला, परत मारली. आधी टण् असा लांबत जाणारा आवाज होता, तो एकदम आटोपशीर झाला. तिने पट्टी काढून अर्धा इंच सरकवली, परत ऐकलं. बाबा, मला तुम्ही दिसलात. पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे डावीकडच्या जाड आवाजाच्या तोंडावर, कणिक थापून, थाप मारून, कान लावून ऐकणारे. थोडी काढायची, परत लावायची. आणि स्वयंपाकघरातून आई विचारणार, "पुरली काय?"

त्यांचं दुसरं गाणं सात मात्रांचं होतं. लोक टाळ्या धरायला जात होते आणि दर आवर्तनाला चुकत होते. मी बोटांवर मोजलं, तीन-दोन-दोन. आपला रूपक तालच! मी मैत्रिणीला टाळी कुठे द्यायची ते दाखवलं, मग आमच्या आजूबाजूचे पाच-सहाजण बरोबर द्यायला लागले.

त्याच गाण्यात जनरेटर बंद पडला. दिवे गेले, दोन्ही गिटारी आणि गाणाऱ्याचा माइक क्षणात मुके. त्या मुलीचा ड्रम तेवढा राहिला, कारण त्याला वीज लागतच नाही. ती थांबली नाही. काळोखात तिने तोच सातचा ठेका धरून ठेवला, आवाज उतरवला, पुन्हा चढवला. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले. लांब रत्नदुर्गावरच्या दीपस्तंभाचा झोत मध्येच फिरून जायचा. तीन-चार मिनिटं असेल, पण इतक्या गर्दीत कोणी हू की चू केलं नाही. गॅसबत्ती विझल्यावरही बारी न थांबल्याची गोष्ट तुम्ही सांगायचात, ती मला तोपर्यंत नुसती गोष्टच वाटायची. वीज परत आली, गिटारवाले नेमके समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आत शिरले आणि मला रडू आलं.

बारीसारखी सवाल-जवाबाची चुरस मात्र इथे नाही. उलट डोंबिवलीच्या मुलाचा स्नेअर फाटला तेव्हा कोल्हापूरच्या त्या मुलीने आपला काढून दिला, आणि तो वाजवेपर्यंत स्टेजच्या कडेला उभी राहून ऐकत होती. शेवटच्या बँडला मात्र तीनच गाणी मिळाली. दहानंतर लाउडस्पीकर नाही, २००० सालापासूनचा नियम. पहाटेपर्यंत गजर ऐकलेल्या मला ते अपुरं वाटलं, पण आसपास घरं आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत, हेही खरं.

बाबा, मी चौथीत असताना तुम्ही मला पाटावर भजनी ठेका शिकवलात. दहावीला अभ्यास म्हणून सुटला तो सुटलाच. बारीला तुम्ही मला कधी बसवलं नाहीत. तेव्हा मुलीने बसायची रीत नव्हती, आणि मीही कधी तोंड उघडून मागितलं नाही. हा राग नाही. पण काल त्या मुलीकडे बघताना माझी बोटं मांडीवर चालत होती. खोलीवर आल्यावर उशीवर वाजवून बघितलं. ठेका येतो अजून. हात जड पडतो.

तुमचा खांदा धरल्यापासून पखवाज धोतरात गुंडाळून माळ्यावर आहे. मी शिमग्याला चार दिवस येते आहे. तोवर तो उतरवून ठेवा. तुम्ही स्वतः चढू नका, शेजारच्या कोणाला तरी सांगा. वाद्या सैल झाल्या असतील, गठ्ठे ठोकून बघा. शाई उडाली असेल तर पुडी बदलून घेऊ, पैसे मी आणते. मला पहिल्यापासून शिकवा. तुम्ही नुसतं बसून तोंडाने बोल सांगायचे, हात माझे.

आई, सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्यात का ते कळव. आणि कणिक तूच मळ, बाबांना तुझ्याच हातची लागते.

तुमची,
धाकटी