ग्लासावरच्या तीन रेघांबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार. हे तुमच्या दारात येऊन बोलले असते, तर "एवढं काय त्यात" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालू नकोस म्हणालात, तेवढं ऐकलंय.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि चहाबरोबरची खारी, नानकटाई, मावा केक सगळं एकदम बंद झालं. औषधांबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, पण चारच्या नुसत्या चहानं हिरमुसायचे. ओट्स द्या, त्यातल्या बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकामुळे वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, असं आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं. ओट्सची वाटी पुढे केली की बाबा "पेज नको" म्हणायचे. मग ओट्स-अक्रोडाचे मफिन करायचं मनात घेतलं.

त्यासाठी फी भरून एक ऑनलाइन क्लास लावला. मफिनमध्ये ओट्स कोरडे का राहतात, असं विचारलं तर उत्तर आलं, "रेसिपी जशीच्या तशी करा." घरी वजनकाटा नाही, मापाचे कप नाहीत, म्हटल्यावर त्या बाई म्हणाल्या, "मग बेकिंग तुमच्यासाठी नाही." ते बोलणं अजून टोचतं. शिकवायचे पैसे घेऊन माणसाला असं परत पाठवतात का?

हे ऐकल्यावर तुम्ही वर तुमच्या घरी जाऊन तुमचा मापाचा कप आणलात. आमच्याच काचेच्या ग्लासात पाणी ओतलंत आणि बाहेरून नेलपॉलिशनं तीन रेघा ओढल्यात: ६०, १२० आणि २४० मिली. पाव, अर्धा, एक. रेघा वाळेपर्यंत बाबांशी गप्पा मारत बसलात. मला काय येत नाही, याचा एका शब्दानं उल्लेख नाही. नवीन काही विकत आणायलाही सांगितलं नाहीत. काकू, त्या लाल रेघा बघून मला खरंच रडू आलं होतं.

बाकीचंही तुम्ही कारणासकट सांगितलंत. ओट्स आधी दह्यात भिजवायचे, नाहीतर ते भट्टीत पिठातलं पाणी ओढून घेतात. दह्याचा आंबटपणा आणि खायचा सोडा भेटला की लगेच वायू सुटतो, म्हणून ओव्हन आधीच १८० अंशांवर तापलेला हवा, मिश्रण वाट बघत ठेवायचं नाही. कणीक घातल्यावर जेमतेम ढवळायचं, जास्त घोटलं की मफिन चिवट होतो. अक्रोड आधी कोरडेच भाजून घ्यायचे. त्या खमंग वासानं बाबा स्वयंपाकघरात आले, ते आजारपणानंतर पहिल्यांदाच.

आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यात बसवून देणारी माणसं फार थोडी असतात. स्वतःचा वेळ खर्चून, समोरच्याला लहान न करता शिकवणं याला मोठं मन लागतं. ते तुमच्याकडे आहे, आणि तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला मिळालं हे आमचं भाग्य.

रविवारी चारला बाबांनी तुम्हाला आणि काकांना चहाला बोलावलंय. या वेळी खजूर घालू की मनुका, तेवढं सांगा. अक्रोड आणून ठेवलेत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची