माळ्यावरच्या भांड्यांबद्दल

पुणे, 8 जून 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस
शि. सा. नमस्कार.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर आई लगेच "असू दे गं" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन बातम्या लावतात. म्हणून लिहायला बसले. दोघांनी सोबत बसून वाचा. आईचा चष्मा सापडला नाही तर बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा.

आई, आधी त्या पाणी भरायच्या पितळी गुंडांबद्दल.

मे महिन्यातली नागपुरातली ती दुपार. बाहेर कडक ऊन, तू कूलरपुढे पडली होतीस. मी स्टूल लावून माळा रिकामा करायला घेतला. दोन पितळी गुंड आणि एक कोपर खाली काढला, ऑटोत घातला आणि इतवारीत मोड म्हणून वजनावर देऊन आले. पैसे तुझ्या हातात ठेवले तेव्हा तू ते न मोजता पर्समध्ये टाकलेस. रात्री जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता एवढंच म्हणालीस, "मोठ्या गुंडावर आईचं नाव होतं."

मी तो गुंड उलटा करूनही पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. दुकानदार म्हणाला, ताई, मोड रात्रीच पुढे गेली. तुला मी तेव्हा सांगितलं की दुकान बंद होतं. ते खोटं होतं. गुंड आता परत मिळणार नाही, आई. माझी चूक झाली.

त्या रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात मी माळ्यावरचं उरलेलं एकेक भांडं हातात घेतलं. ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं. कुणाची अक्षरं सरळ, कुणाची काठावर जागा संपली म्हणून खाली वळलेली. भंडाऱ्याहून आलेल्या पातेल्यावर आजोबांचं नाव आणि 1968. तांब्यावर नुसतं "मामाकडून". आणि त्या चपट्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांत बाबांनी तुझं नवं नाव लिहिलं, त्यानंतर ते जुनं नाव मी कुठेही लिहिलेलं पाहिलं नव्हतं. रेशनकार्डावर नाही, बँकेत नाही, लग्नपत्रिकाही पुरात गेली. 46 वर्षांची मी, आणि आईचं नाव मला डब्याच्या झाकणात सापडलं. झाकणावर बोट फिरवत कितीतरी वेळ बसले होते.

तेव्हाच पुराची आठवण आली, आणि मी काय करून बसले ते नीट कळलं.

23 सप्टेंबर 2023. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण झालं होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, चाळीस पानं. पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली, आणि शंकरनगरातल्या आपल्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी. महालक्ष्म्या अजून उभ्याच होत्या, विसर्जन त्या दिवशी होतं. बाबांनी अंधारात दोन्ही मुखवटे टॉवेलात गुंडाळून डोक्यावर धरले आणि आई तू त्यांचा शर्ट धरून जिना चढलीस. वरच्या काकूंकडे सोफ्यावर मुखवटे ठेवून तुम्ही ओल्या कपड्यांत दुपारपर्यंत बसून होतात. हे मला काकूंनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही.

मग गाळ. प्रत्येक फाटकासमोर ढीग. दिवाण, फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन, बाबांची खालच्या कप्प्यातली सगळी पुस्तकं, आमचे लहानपणचे अल्बम. मी विमानाने आले आणि तीन दिवसांत सगळं बाहेर काढायला लावलं, कारण वास सुटला होता आणि गाडी येऊन उभी होती. ते करणं भागच होतं. पण "हे टाकू का" असं मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. वीस मिनिटांत शिलाई मशीन गेली, जिच्यावर आमचे शाळेचे फ्रॉक आणि चड्ड्या शिवल्या गेल्या होत्या.

मला वाटलं होतं, एवढं बघितल्यावर तुम्ही सामान कमी कराल. झालं उलटं. श्रीखंडाचे डबे धुऊन ठेवणं वाढलं, साड्यांची खोकी, पिशव्यांमध्ये पिशव्या, तिसरं कपाट. मी चिडत होते. आता वाटतं, ज्यांचं अर्ध्या आयुष्याचं सामान तीन दिवसांत गाडीत भरून गेलं, ते उरलेलं घट्ट धरून ठेवणारच. आणि पुरातून वाचलेलं असं घरात एकच ठिकाण होतं, माळा. मी हात घातला तो नेमका तिथेच.

तर यापुढे माळ्यावरची एकही वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय खाली येणार नाही. हा शब्द आहे माझा.

पण काही गोष्टींत मी ऐकणार नाही, त्याही आजच सांगून टाकते.

बाबा, पॅसेजमधले पेपर. मार्चमध्ये रात्री बाथरूमला जाताना तुमचा पाय त्या गठ्ठ्याला लागला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून मनगटावर निभावलं. ते आईने मला पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही तुमच्या हाताचं बँडेज व्हिडिओ कॉलवर दिसलं म्हणून. 78व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं हे आपण मोठ्या आत्यांच्या वेळी पाहिलं आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी हवी, जमिनीवर काहीही नको, आणि रात्रभर एक छोटा दिवा लागलेला हवा. कात्रणं काढायची राहिलीत म्हणून गठ्ठे ठेवले आहेत हे मला माहीत आहे. ते टेबलावर ठेवा. मी येईन तेव्हा तुम्ही खुणा करा, मी कापीन.

दुसरं, घरालगतच्या सांदवाडीतले तीन कूलर. एकाची बॉडी गंजली, एकाची मोटर जळली, तिसऱ्याचं काय झालं ते तुम्हालाही आठवत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाईनवर काम केलेल्या माणसाला मोटर फेकवत नाही, आणि तुमच्या हाताने दुरुस्त झालेल्या पंपांवर अर्ध्या गल्लीचे उन्हाळे निघाले, हेही खरं. पण पावसाळा तोंडावर आहे. त्या टाक्यांमध्ये पाणी साचलं की डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि तो स्वच्छ साचलेल्या पाण्यातच जास्त वाढतो. मागच्या वर्षी महापालिकेची माणसं तपासायला आली तेव्हा तुम्ही त्यांना फाटकातूनच परत पाठवलंत. मोटरी, पंप, तांब्याची तार काढून तुमच्या पेटीत ठेवा, बॉडी कबाड्याला द्या. घरात चालू असलेला कूलरही बंद केला की टाकी कोरडी करून पुसा, ताट्या काढून वाळवा. स्क्रू आणि वायसरचे डबे जसे आहेत तसे राहू देत. ते कुणाच्या पायात येत नाहीत.

आणि औषधांचा तो बिस्किटाचा डबा. मी सगळ्या पट्ट्या बाहेर काढून मांडल्या होत्या. आई, तुझी बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी त्यात होती, जुन्या डॉक्टरांनी दिलेली आणि नव्या डॉक्टरांनी दिलेली. बारीक अक्षरातलं औषधाचं नाव तेच, टेल्मिसार्टन. तू दोन्ही घेत होतीस का, यावर तू "कधी कधी" म्हणालीस. सकाळी उठल्यावर गरगरतं ते त्यानेही असेल. सगळा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, हे या आठवड्यातच कर, माझी वाट बघू नको. मुदत संपलेल्या पट्ट्याही तेव्हाच वेगळ्या करून घे.

आता कागद. बाबा, हे तुमच्यासाठी आहे आणि हे तुम्हालाच जमेल, कारण कोणता कागद कुठला हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पुरानंतर प्लॉटची रजिस्ट्री आपण पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवली. शिक्का पसरला आहे. तिची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, ती आपण काढून ठेवू. सुधार प्रन्यासचं आरएल नावाचं पत्र आणि आखीव पत्रिका, म्हणजे मालमत्ता पत्रक, तिच्यासोबत एकाच फाईलमध्ये राहू देत. कृपा करून लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की कागद त्यातून सुटा होत नाही.

शेअर्सची ती पिवळी पाकिटं, 1994 सालची. कागदी शेअर्स 1 एप्रिल 2019 पासून विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तिथून परत मागता येतात, पण अर्ज तुम्ही केलात तर सोपं. आम्ही वारस म्हणून करायला गेलो तर प्रत्येक कागदाला पाच कागद लागतील. जुन्या पासबुकांचंही तसंच. दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, तीही मागता येते. उद्गम नावाच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. ते मी इथे बसून करीन, तुम्ही फक्त पासबुकांचे फोटो पाठवा.

मृत्युपत्राचा विषय मी काढला तेव्हा तुम्ही उठून गच्चीवर गेलात. मी लिहितानाही थांबले होते. पण साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही सह्या केल्या की पुरतं, नोंदणी सक्तीची नाही. तुम्ही आणि आईने आपापलं वेगळं करायचं. दादाला आणि मला काय मिळावं याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. मला फक्त एवढंच हवं आहे की तुमच्या मनात काय होतं याचा अंदाज आम्हा दोघांना कधी बांधावा लागू नये.

आणि तुम्ही आमच्यासाठी म्हणून जे राखून ठेवलं आहे, त्याबद्दल. खोक्यातले न उघडलेले डिनर सेट, सहा जाड गाद्या, शोकेस, माझ्या दहावीच्या वह्या, दादाचा ड्रॉईंग बोर्ड. तुम्ही त्यांची धूळ पुसता, उधई लागू नये म्हणून दर वर्षी हलवता, त्यात आईची कंबर जाते. आई, आम्हाला ते नको आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण तुला खोटं सांगून ते ओझं तुझ्यावर ठेवण्यापेक्षा हे बरं. गाद्या आणि सेट गरजूला दे, आताच, तुझ्या हाताने. कुणाला द्यायचं ते तूच ठरव. बाबांची उरलेली पुस्तकं आणि दिवाळी अंक बर्डीवरच्या वाचनालयात विचारून देता येतील, तेही बाबांनी निवडूनच. दादाशी बोलले. त्याला तान्ह्या पोळ्याचा तो लाकडी बैल तेवढा हवा आहे, एक शिंग तुटलेला. चाकांना तेल देऊ नका म्हणाला, तो आवाजच त्याला हवा आहे.

मला काय हवं, ते सांगते. झाकणात नाव असलेला तो डबा. वाकळ, जिच्यात आजीची हिरवी नऊवारी आहे. आणि प्रत्येक भांड्याची गोष्ट. मी येईन तेव्हा आपण रोज दुपारी चारच भांडी खाली घेऊ, जास्त नाही. तू सांग कुणी दिलं, कधी, त्यात काय शिजायचं. मी वहीत लिहीन. मग त्यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते तू म्हणशील तसं. सगळंच ठेवायचं म्हणालीस तरी चालेल.

शेवटी महालक्ष्म्या, आणि तुमच्यानंतर त्या कुणी बसवायच्या ते. आई, तू रात्री जागी असतेस ती यामुळे, हे मला बाबांनी सांगितलं. दादाच्या घरी होणार नाही, सूनबाईची नोकरी, तिकडची सुटी, आणि त्याने ते स्वच्छपणे कबूल केलं आहे. मुलीकडे जात नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. पण त्या रात्री मुखवटे डोक्यावर घेऊन बाबा पाण्यातून गेले ते कुणाच्या हाती सोपवायचे म्हणून? मी करीन, आई. चाळीस पानं जमणार नाहीत, पाच सवाष्णी आणि पुरण-आंबील एवढंच जमेल. गुरुजींना विचार, मामाला विचार, नसेल चालत तर आपण वेगळं काही ठरवू. पण मी केलं तर तुला चालेल का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

या वर्षी आवाहन 31 ऑगस्टला आहे. मी पोळ्याच्या आदल्या दिवशी येते आणि विसर्जन करूनच परत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घालवायची मारबत निघते, तेव्हा कूलरच्या बॉड्या जाऊ द्या, बाबा, तेवढे अडीच महिने मी त्यांचं नावही काढणार नाही. टाक्या मात्र आजच पालथ्या करून ठेवा.

आंबील करायचं मोठं भांडं, तो गंज, आतून तांबूस दिसू लागला आहे. कल्हईवाला हल्ली गल्लीत फिरत नाही, महालात एक जण बसतो म्हणतात. आधी कल्हईला टाकून ठेवायचा की मी आल्यावर सोबत घेऊन जाऊ, तेवढं कळव.

तुमची
मनू