कॅज्युअल्टीत वजनकाटा का नाही?

संपादक, सप्रेम नमस्कार,

गेल्या पावसाळ्यात रात्री एकच्या सुमाराला माझ्या बहिणीच्या मुलाला तापात आकडी आली, वय पावणेतीन वर्षं. शेजारच्या काकू कांदा फोडून हुंगवायला धावल्या, कोणी म्हणे दातात चमचा घाला, आम्ही तसलं काही न करता त्याला कुशीवर धरून रिक्षात बसलो आणि भांडुपमधलंच एक हॉस्पिटल गाठलं. नाव लिहीत नाही, तिथले डॉक्टर आणि सिस्टर जीव तोडून धावत होते हे मी बघितलंय.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, वजन किती? ताई म्हणाली चौदा असेल. वजनकाटा ओपीडीत आणि ओपीडीला कुलूप, मग चौदा धरूनच औषधाचा हिशोब. शीर सापडेना, एवढ्याशा हातावर तीनदा सुई टोचली, घामाने चिकटपट्टी सारखी सुटायची. शेवटी आकडी थांबली, पोर आता ठणठणीत आहे. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात वजन भरलं 11 किलो 400 ग्रॅम आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण मुलांचा डोस किलोवर ठरतो आणि आकडीचं औषध जास्त गेलं तर श्वास मंदावतो.

नंतर मी यावर बरंच वाचलं. ब्रॉसलो टेप म्हणून एक रंगीत पट्टी असते, मुलाला आडवं झोपवायचं, टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजन आणि डोस कळतो. चांगलीच सोय आहे, पण ती बेतलीय अमेरिकेतल्या मुलांवर, आणि भारतातल्या मुलांवर अभ्यास झाला तेव्हा 10 किलोच्या वरच्यांचं वजन ती जास्त दाखवते असं निघालं. म्हणजे तिकडची पट्टी आणून लावली तरी आपली पोरं तिच्यात नीट बसत नाहीत. तिकडे 2012 साली ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात मुलंही होती, शीर शोधत बसण्यापेक्षा मांडीत इंजेक्शन दिलं तरी आकडी तितकीच नीट थांबते हे त्यातून कळलं. असं काम आपल्याकडे का होऊ नये? केईएम, सायन, नायर, परळचं वाडिया, इथे रोज किती मुलं येतात, प्रत्येकाची उंची आणि वजन नीट लिहून ठेवलं तरी आपल्या मुलांच्या मापाची पट्टी करता येईल.

तोवर पालिकेने निदान प्रत्येक कॅज्युअल्टीत रात्रीसुद्धा हाताशी असेल असा एक वजनकाटा ठेवावा, आणि आईवडिलांनी दर महिन्याला वजन करून लसीकरणाच्या कार्डावर लिहावं, आमची ताई आता लिहिते.

एक मावशी, भांडुप