बागेतल्या रेल्वेचा पाया आधी, रूळ नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बागेत छोटी आगगाडी हवी म्हटले की लोक महागडे परदेशी रूळ मागवतात आणि थेट काळ्या मातीवर मांडतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग गाडी रुळावरून उतरणारच. पैसा पाया भरण्यात घालावा. रूळ घरी उत्तम होतात.

मे महिन्यात २० सेंटिमीटर खोल चर खणावा. तळाला दुहेरी शेडनेट (द्राक्षबागेतले जुनेही चालते), म्हणजे मुरूम चिखलात रुतत नाही. वर मुरूम धुमसून भरावा आणि पावसाळाभर बसू द्यावा. दिवाळीच्या सुमारास खचल्या जागी भर घालून वर ५ सेंटिमीटर बारीक, धारदार खडी पसरावी. नदीतले गोल गोटे नकोत, ते सरकतात.

४५ मिलिमीटर गेजसाठी (दोन रुळांच्या आतल्या कडांतले अंतर) रूळ म्हणून ८ × ३ मिलिमीटरची पितळी पट्टी उभी बसवावी. २० मीटर मार्गाला ४० मीटर, म्हणजे साधारण ८ किलो पट्टी लागते. स्लीपर (रुळांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) एकेक कापू नयेत, गेज हमखास चुकते. वखारीतल्या सागवानी फळीचे ९० मिलिमीटर लांब तुकडे करावेत, त्यांत लाकडाच्या रेषांना आडव्या ३ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल दोन खाचा पाडाव्यात. खाचांच्या आतल्या कडांत बरोबर ४५ मिलिमीटर अंतर हवे. मगच रेषांच्या दिशेने १२ मिलिमीटरच्या पट्ट्या चिराव्यात. सगळे स्लीपर एकसारखे निघतात. मीटरला ३३ पुरतात. पाणी मुरू नये म्हणून ते अळशीच्या तेलात भिजवूनच बसवावेत.

सर्वांत जास्त चूक सांध्यात होते. पितळ तापले की वाढते: ३ मीटरची पट्टी ३५ अंश तापमानवाढीला सुमारे २ मिलिमीटर लांबते. दिवाळीत रूळ टाकताना प्रत्येक सांध्यात तेवढी फट ठेवावी आणि फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) एक टोक मोकळे सरकू द्यावे. फट नसेल तर मेच्या उन्हात रूळ बाजूला वाकतो. रूळ सिमेंटमध्ये पक्के करणाऱ्यांना हा त्रास सर्वाधिक.

वळणाची त्रिज्या १.२ मीटरपेक्षा कमी नको. पूर्ण वर्तुळात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ३० सेंटिमीटर लांब लागतो, त्रिज्या कितीही असो. कापण्याआधी ते धरावे. चढ ५० ला १ (५० मीटर अंतरात १ मीटर उंची) पुरे. कसारा घाटात तो ३७ ला १ आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून जादा इंजिने लावावी लागतात.

आपले,
बागेतल्या रेल्वेचे काही छांदिष्ट, नाशिक