सीट पुन्हा तापायला लागली

ती. बाबा,
सा. न.

गाडीतल्या ड्रायव्हरशेजारच्या तापणाऱ्या सीटबद्दल फोनवर मी "सीट झाली दुरुस्त" म्हटलं आणि तुम्ही लगेच विचारलंत, "नेमकं काय गेलं होतं?" ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई इथे येईल तेव्हा याच सीटवर बसणार आहे, तेव्हा पत्राचा शेवट तिलाही वाचून दाखवा.

दुखणं असं होतं. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि काही सेकंदांनी आपोआप विझायचा. गादी गार, पाठही गार. शेजारची ड्रायव्हरची सीट मात्र व्यवस्थित तापत होती. वर्कशॉपमध्ये मीटर न लावताच "कंट्रोलर बदलू" म्हणाले, म्हणजे सीटचा करंट सोडणारा-तोडणारा भाग. मला ते पटलं नाही. दिवा लागून विझतो म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे. त्याने करंट सोडून पाहिला, हवा तेवढा वाहत नाही हे त्याला कळलं, म्हणून त्याने पुरवठा तोडला. तरीही फ्यूज पाहिलाच, कारण दिव्याची लाइन आणि तापवण्याची लाइन यांचे फ्यूज वेगळे असू शकतात. फ्यूज न उपसताही त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटरच्या पिना टेकवता येतात. दोन्हीकडे पूर्ण व्होल्टेज मिळालं, तेव्हा शोध सीटकडे वळला.

सीटच्या आतलं काम तुम्हाला आवडेल. फोमवर एक पातळ पॅड असतं आणि त्यात बारीक तारेचा, तापणारा एलिमेंट नागमोडी शिवलेला असतो. काही गाड्यांत तारेऐवजी कार्बन फायबर असतं. गादीत एक पॅड, पाठीत दुसरं. आमच्या गाडीत दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेली आहेत, म्हणून एक तुटलं की दोन्ही मेली. गादीच्या पॅडला तापमान ओळखणारा छोटा थर्मिस्टर जोडलेला असतो, त्याच्या सांगण्यावरून कंट्रोलर करंट कमीजास्त करतो.

सीटखाली हात घालण्याआधी मात्र बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं तेवढा वेळ थांबले. बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते आणि तिचा कनेक्टर सहसा पिवळा असतो. त्या पिवळ्या वायरला मीटर कधीच लावायचा नाही. मीटरचा इवलासा करंटसुद्धा तिथे धोक्याचा ठरू शकतो. तुम्ही कुणाला हे काम सांगाल तेव्हा आधी हे सांगा, बाकीचं नंतर.

सीटखालचा कनेक्टर मी बारकाईने पाहिला. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बुटांबरोबर खारा चिखल गाडीत येतो, गालिचा ओला राहतो आणि सीटखालच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. शिवाय सीट मागेपुढे सरकवून वायर घासून तुटते. आमच्या सीटखाली दोन्ही ठीक होतं.

मग ओहम, म्हणजे पॅडचं रेझिस्टन्स, करंटला होणारा अडथळा. इतकं कमी रेझिस्टन्स मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून वायरींचं स्वतःचं रेझिस्टन्स पाहून घेतलं आणि ते वजा केलं, नाहीतर आकडा फसवतो. तुलनेला चालू असलेली ड्रायव्हरची सीट होतीच. तिथे दोन्ही पॅड मिळून ३ ओहमच्या आसपास आले. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर साडेचार अँपिअरच्या वर करंट आणि साधारण ६५ वॉट. बिघडलेल्या सीटच्या पाठीचं पॅड ड्रायव्हरच्या पाठीशी जुळलं. गादीचं पॅड पूर्ण ओपन, म्हणजे आत तार तुटलेली. थर्मिस्टरवरही शंका होती. तो सहसा २५ अंशांना १० किलोओहमचा असतो. थंड गॅरेजमध्ये आकडा त्याहून बराच वर होता, पण त्यावर तळहात दाबून धरल्यावर भराभर उतरत गेला. ऊब लागली की आकडा उतरायलाच हवा, म्हणजे तो निर्दोष. वर्कशॉपचं ऐकलं असतं तर नवा कंट्रोलरही तसाच दिवा विझवून बसला असता.

खोळ उतरवणं हे सगळ्यात चिवट काम. ती फोममधल्या तारेला लोखंडी कड्यांनी पकडलेली असते. एकेक कडी पकडीने वाकवून काढायची, आणि घाईने ओढलं की फोम फाटतो. तार कुठे तुटली ते शोधायला मीटर लावावाच लागला नाही. दाराच्या बाजूला, खोळीची शिवण जिथे खोल बसते तिथे, पॅडवर नखाएवढा तपकिरी डाग होता आणि खालचा फोम कडक झाला होता. गाडीत चढताना माणूस गुडघा टेकवतो तो नेमका तिथेच. एलिमेंटची तार बारीक तंतूंची असते. वाकून वाकून एकेक तंतू तुटत जातो. करंट तेवढाच राहतो, पण उरलेल्या मोजक्या तंतूंतून जातो, त्यामुळे त्या एका जागी रेझिस्टन्स वाढतं आणि उष्णताही तिथेच साचते. शेवटी उरलेलेही जळतात. काही सीटच्या खोळीला भोक पडतं ते याच कारणाने, म्हणून "एकाच जागी जास्त गरम लागतंय" असं कुणी म्हणालं तर त्या दिवसापासून ती सीट बंद ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही विचाराल, जोड का नाही दिला? पॅडकडे येणारी जाड वायर तुटली असती तर दिला असता, क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक नळी चढवली असती. पण एलिमेंटमध्येच सोल्डरचा डाग मारला तर जोड ताठ होतो आणि वजनाखाली त्याच्या शेजारची तार तुटते. शिवाय जिथे फोम करपला तिथले बाकीचे तंतूही कमजोर झालेले असणार. म्हणून पॅडच बदललं, आणि तेही त्याच मॉडेलचं. बाजारात कुठल्याही गाडीला बसणारी कार्बन पॅडं मिळतात, चांगलीही असतात, पण ती त्यांच्याबरोबर येणाऱ्या वेगळ्या स्विच-रिलेवर चालवायची. मूळ कंट्रोलरला वेगळा करंट दिसला की तो पुन्हा दिवा विझवतो.

सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर आमच्या गाडीत फोमच्या खाली आहे, त्याला मी हात लावला नाही. काही गाड्यांत तो आणि हीटर एकाच पॅडमध्ये असतात. तिथे हे काम घरी करू नये, कारण एअरबॅग त्या सेन्सरवर अवलंबून असते.

नवं पॅड एकही सुरकुती न ठेवता बसवलं. दुमड पडली की तिथे दुप्पट उष्णता. सगळे कनेक्टर, पिवळ्यासकट, परत लावून मगच बॅटरी जोडली आणि खोळ चढवण्याआधी सीट चालू केली. हाताखाली ऊब सारखी पसरत गेली, कुठे गार पट्टा नाही, कुठे चटका नाही. करंटही दुसऱ्या सीटएवढाच आला.

इथल्या थंडीत ही सोय चैनीची नाही. गाडीचा हीटर इंजिनाच्या पाण्यावर चालतो, ते तापेपर्यंत केबिन गारठलेली असते, सीट मात्र दोनतीन मिनिटांत ऊब देते. विजेच्या गाडीत तर केबिन तापवायला काही किलोवॉट लागतात आणि सीटला शंभर वॉटही पुष्कळ होतात.

आता आईसाठी. आई, तुझी कंबर धरते म्हणून ही सीट तुला आवडेल, पण तुला साखर आहे. त्यामुळे कातडीची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसतोय हे कळतच नाही. ४४-४५ अंश हाताला फार वाटत नाहीत, पण तासन्तास एकाच जागी टेकून राहिलं तर तेवढ्यानेही भाजतं. म्हणून खोळ चढवल्यावर मी सीटवर जाड टॉवेलची घडी ठेवून खाली थर्मामीटर सरकवला आणि सर्वांत वरच्या पायरीवर बराच वेळ चालू ठेवली. ४० च्या आत राहिलं. तरीही तू सर्वांत खालची पायरीच लाव, ऊब आली की बंद कर, आणि डोळा लागतोय असं वाटलं तर आधी बटण बंद. सीटवर उशी किंवा शाल पसरायची नाही, त्याने उष्णता अडकते. निघण्याआधी तुझ्या डॉक्टरांनाही एकदा विचार.

बाबा, जुनं पॅड टाकलेलं नाही. जळलेली जागा तुम्हाला डोळ्यांनी बघता यावी म्हणून आईबरोबर परत पाठवते.

तुमची लेक